हाताने केलेली भेट कोणाची?

मुलाला भेट द्यावयाची म्हटले की हल्ली आपली पावले दुकानाकडे वळतात. वाढदिवस असो, नाताळ असो वा शब्बाथशाळेचा बक्षीस समारंभ असो, चकचकीत कागदात गुंडाळलेली पेटी तयार मिळते. वर मुलाचे नाव लिहिले की आपले काम संपले. परंतु काही घरांत आम्हाला निराळा प्रकार दिसतो. आई, मावशी, आत्या किंवा सेवानिवृत्त आजोबा स्वतः बसून मुलासाठी कॅनव्हासवर एक रंगीबेरंगी चित्र तयार करतात. त्यात नुसते रंग नसतात. कागदाचे कपटे, साडीचा काठ, लोकर, बटणे, पिंपळाचे जाळीदार पान, जुन्या पत्रावरील तिकीट असे नाना जिन्नस रंगांबरोबर चिकटविलेले असतात. मध्यभागी मुलाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. चित्रकार ह्याला मिश्र माध्यमातील चित्र म्हणतात.

ही प्रथा चांगली आहे आणि ती वाढावी असे आम्हाला वाटते. तथापि तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो व तो वाटतो तितका लहान नाही. असे चित्र मुलाला दिल्यावर ते कोणाचे होते? मुलाचे, की ते करणाऱ्याचे? भेट म्हणून दिले खरे, पण ते आपल्या हातून सुटले का? आईबाप आणि शिक्षक ह्या नात्याने आपण मुलांना आयुष्यभर जे काही देत असतो, त्या साऱ्यालाच हा प्रश्न लागू आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

प्रथम हा प्रकार आला कोठून ते पाहू. १९१२ साली पॅरिस येथे पिकासो ह्या चित्रकाराने वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेले मेणकापड आपल्या कॅनव्हासवर चिकटविले आणि चौकटीच्या जागी सभोवार दोर लावला. त्याच वर्षी त्याचा सहकारी ब्राक ह्याने लाकडाच्या रेषांची नक्कल असलेला भिंतीचा कागद कापून चित्रात बसविला. पहिले महायुद्ध संपल्यानंतर, १९१९ पासून, जर्मनीतील हॅनोव्हर शहरी कुर्ट श्विटर्स हा कलावंत ट्रामची तिकिटे, वेष्टने, मोडके लाकूड अशा टाकाऊ वस्तू गोळा करून त्यांची चित्रे करू लागला. जे फेकून दिले होते त्याला त्याने पुन्हा जागा दिली. कलेच्या इतिहासात ह्या गोष्टी मोठ्या मानल्या जातात.

परंतु आपल्या घरातील स्त्रियांना हे शिकविण्यासाठी पॅरिसहून कोणी यावे लागले नाही. आपली गोधडी, जिला कोल्हापूर-बेळगावकडे वाकळ म्हणतात, ती दुसरे काय आहे? आजीचे विरलेले लुगडे, वडिलांचे धोतर, मुलाचे आखूड झालेले झबले, ह्यांचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवून धावदोऱ्याने शिवले की घरातील सारी माणसे एका पांघरुणात येतात. रंगसंगती शिकण्यास ती बाई कोणत्या शाळेत गेली नव्हती. लालाशेजारी हिरवे ठेवावे हे तिच्या डोळ्यालाच कळत होते.

मात्र गोधडी आणि कॅनव्हास ह्यांत एक फरक आहे, आणि आमचा प्रश्न त्या फरकातच दडलेला आहे. गोधडी मुलाच्या अंगावर जाते. मूल ती ओढते, चघळते, ओली करते. ती धुतली जाते, फाटते, तिला ठिगळ लागते. ‘गोधडीला हात लावू नकोस’ असे कोणती आई म्हणत नाही. कॅनव्हास मात्र भिंतीवर जातो, आणि तोही बहुधा मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पाहुणे आले की त्यांना तो दाखविला जातो. ‘किती सुंदर केले आहे हो तुम्ही!’ असे पाहुणे म्हणतात, आणि ज्याच्या नावाचे चित्र आहे ते मूल खाली उभे राहून मान वर करून पाहते. ही भेट कोणाला मिळाली, ते वाचकांनीच सांगावे.

ह्यावर कोणी म्हणेल की, त्या चित्रामागचे कष्ट तरी पाहा. कष्ट आहेत हे खरे, आणि ते कसले आहेत हे नीट समजून घेतले पाहिजे. तयार ताणलेला कॅनव्हास बाजारात मिळतो. त्यावर पांढऱ्या अस्तराचे दोन हात द्यावे लागतात, म्हणजे रंग कापडात शोषला जात नाही. मग पार्श्वभूमीचे रंग. ॲक्रिलिक रंग पाण्यात मिसळतात व त्यांचा पातळ थर अर्ध्यापाऊण तासात वाळतो, म्हणून घरगुती कामाला ते सोयीचे. त्यानंतर आधी कागद, मग कापड आणि सर्वांत शेवटी जड वस्तू, असा क्रम ठेवावा लागतो. कागदाखाली गोंद लावून बोटाने मधून कडेकडे हवा काढीत न्यावी लागते, नाहीतर फुगे राहतात. जड वस्तू फेविकॉलने चिकटवून चित्र लगेच उभे केले तर ती घसरते. रात्रभर ते आडवेच ठेवावे लागते. एका बैठकीत हे काम होत नाही. घरकाम, नोकरी सांभाळून आठ-पंधरा दिवस सहज जातात.

आता ह्या दिवसांत करणाऱ्याच्या मनात काय चालते? हत्ती घ्यावा की आगगाडी? तिला पिवळा आवडतो, की मागच्या वर्षी आवडत होता? मामाच्या गावाहून येताना त्याने खिशात भरून आणलेले शंख कोठे ठेवले आहेत? दुकानात दहा मिनिटांत खरेदी करणाऱ्याला हे प्रश्न पडतीलच असे नाही. चित्र करणाऱ्याला मात्र ते टाळता येत नाहीत. हाताने केलेल्या भेटीची खरी किंमत येथे आहे. तितके दिवस त्या एका मुलाकडे कोणीतरी मनाने पाहत होते. कॅनव्हास आणि रंगांचे पैसे ह्यापुढे गौण होत.

परंतु एवढ्यावरून विकतच्या भेटीला हलके लेखणे अन्यायाचे होईल. दिवसभर दुसऱ्याच्या घरी भांडी घासून किंवा गिरणीत पाळी करून जी आई संध्याकाळी मुलासाठी प्लास्टिकची मोटार आणते, तिचेही हातच त्या मोटारीत आहेत. पैसा म्हणजे पूर्वी केलेले कष्टच. ज्याला सवड आहे त्याने हाताने करावे, ज्याला नाही त्याने विकत आणावे. मुलाला ओळखून आणले म्हणजे झाले. हाताने केल्याचा अभिमान धरणे म्हणजे सवडीचा अभिमान धरणे होय, आणि सवड ही कित्येकदा आपली कमाई नसून आपले नशीब असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मार्सेल मॉस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली देणगी ह्या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अनेक समाजांतील चालीरीती तपासून तो अशा निष्कर्षास आला की देणगी कधी मोकळी नसते; देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने तिच्या पोटात असतात. लग्नात मिळालेल्या आहेराची वही ज्या घरात जपून ठेवतात त्या घराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मोठी माणसे आपापसांत ही परतफेड कशीतरी निभावतात. पण मूल काय परत करणार? त्याच्याजवळ द्यावयाला पैसा नाही, हातात कसब नाही. म्हणून त्याच्याकडून आपण नकळत दुसरेच काही मागून घेतो.

हे मागणे तीन प्रकारांनी होते, असे आमच्या पाहण्यात आहे. पहिला प्रकार आभाराचा. ‘तुझ्यासाठी मी रात्र रात्र जागून हे केले’ हे वाक्य प्रेमाने सुरू होते, आणि पुढे मूल अभ्यास करीनासे झाले की त्याच वाक्याची छडी होते. दुसरा प्रकार शोभेचा. दिवाणखान्याच्या पडद्याला जुळेल असा रंग आपण निवडतो आणि मुलाला त्या पडद्याशी काही देणेघेणे नसते. तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे, तो अक्षरांचा. नावाखाली आपण काहीतरी लिहितो: आमचा डॉक्टर, घराण्याचा दिवा, आमची पुढची पाळकीण. लिहिणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. पण चार वर्षांच्या मुलाच्या भिंतीवर आपण आपली राहून गेलेली इच्छा टांगतो, आणि ती वाचतच त्याला मोठे व्हावे लागते.

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट ह्याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की मनुष्याला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. तो स्वतःच एक साध्य आहे. हा विचार आपण नोकर-मालकाच्या संबंधांना चटकन लावतो. मुलाला लावताना मात्र विसरतो, कारण मूल आपले असते. आपले असणे आणि आपल्यासाठी असणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

ह्या ठिकाणी आम्हाला हन्नाची आठवण होते. शब्बाथशाळेत आपण तिची प्रार्थना शिकवितो, परंतु १ शमुवेल २:१९ ह्या वचनावरून भरभर पुढे जातो. शमुवेलाला तिने शिलो येथे एलीच्या हाती सोपविले होते. दर वर्षी नवऱ्याबरोबर यज्ञासाठी वर जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. शास्त्राने इतकेच सांगितले आहे. पण ज्या बाईने कधी मुलाचे कपडे शिवले आहेत तिने ह्या वचनापाशी थोडे थांबावे. मूल जवळ नाही, माप घेता येत नाही. वर्षभरात तो किती वाढला असेल ह्याचा अंदाज मनानेच करावयाचा. आणि मागच्या वर्षीचा झगा आता आखूड झाला असणार हे धरूनच नवा करावयाचा. जुन्या झग्याचे काय झाले असे तिने विचारल्याचे कोठे लिहिलेले नाही. आपण केलेली वस्तू टिकावी अशी तिची अपेक्षा असती तर मूल वाढू नये अशीच अपेक्षा तिला करावी लागली असती. ज्याला आपण आधीच देऊन टाकले आहे त्याला भेट कशी द्यावी, हे तिला कळले होते.

ह्याच्या उलट उदाहरण याकोबाचे. योसेफासाठी त्याने जो झगा केला त्याला आपल्या मराठी शास्त्रात पायघोळ झगा म्हटले आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र त्या शब्दाचा अर्थ रंगीबेरंगी असा घेतला आहे, आणि त्यावरूनच चित्रांतून योसेफ नाना रंगांच्या वस्त्रात दिसतो. मूळ इब्री शब्दाविषयी विद्वानांत एकमत नाही. कसाही असो, तो प्रीतीने केलेला होता ह्यात शंका नाही. परंतु बारा मुलांच्या घरात तो एकासाठीच केला होता. भावांनी तो त्याच्या अंगावरून ओढून काढला, बकऱ्याच्या रक्तात बुडविला आणि बापाकडे ओळखण्यासाठी परत पाठविला. आपण दिलेली भेट बापाला अशा रीतीने परत पाहावी लागली. पुढे मिसर देशात योसेफाने भावांना वस्त्रे दिली, तेव्हाही इतरांना एकेक जोड आणि बन्यामिनाला पाच, असेच झाले. घरातील सवय किती खोल जाते पाहा.

म्हणून चित्र करावयास बसण्यापूर्वी घरातील दुसऱ्या मुलाचा विचार करावा. सर्वांना एकसारखे द्यावे असे आमचे म्हणणे नाही. एकसारखे दिले म्हणजे एकालाही ओळखले नाही असे होते. पण धाकटीचे नाव भिंतीवर झळकते आणि थोरल्याचे कोठेच नाही, असे होऊ नये. निदान थोरल्याला त्या कामात भागीदार करावे. कागद फाडणे, रंग कालविणे ही कामे तो आनंदाने करील, आणि भेट देणाऱ्यांत आपण होतो ह्याचे सुख त्याला लाभेल.

आता एक आक्षेप राहतो व तो रास्त आहे. भेट संपूर्णपणे मुलाची, असे एकदा मानले तर मुलाने ती फाडली, तिच्यावर शाई ओतली तर चालेल काय? दुसऱ्याच्या कष्टांची कदर करण्यास मूल मग केव्हा शिकणार? आमचे उत्तर असे. कष्टांची कदर शिकविली पाहिजे, परंतु ती शिकविण्याचे साधन ही भेट नव्हे. जे मूल स्वतः रंग लावून, गोंदाने बोटे चिकट करून काहीतरी करते आणि ते दुसऱ्या कोणाला देते, त्याला कष्टांची किंमत आपोआप कळते. वर्गात शेजाऱ्याचे चित्र कोणी चुरगळले तर शिक्षकाने तेथे जरूर बोलावे, कारण तेथे दुसऱ्याची वस्तू आहे. स्वतःची वस्तू कशी वापरावी ह्यात मात्र मुलाला चुकण्याची मोकळीक हवी. बटण उपटून खिशात घालून फिरणारे मूल त्या चित्राचा अपमान करीत नाही. कदाचित चित्रातील त्याला हवे तेवढे त्याने उचलले असेल.

हे सारे व्यवहारात कसे आणावे, ह्याविषयी काही सूचना करतो. चित्राचा एक कोपरा कोरा सोडावा आणि तो मुलाने भरावा. मग तो कसा भरला ह्यावर टीका करू नये. चित्र मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावे. आजोबांचे एकुलते एक पत्र किंवा लग्नातील एकमेव छायाचित्र कापून लावू नये. त्याची प्रत काढून लावावी, म्हणजे पुढे मुलाच्या हातून काही झाल्यास त्याच्या डोक्यावर घराण्याच्या ठेव्याचे पाप येणार नाही. बटणे नुसती चिकटवू नयेत, कॅनव्हासमधून सुईदोरा घालून शिवावीत. आणि घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर तोंडात जाण्याजोग्या सुट्या वस्तू लावूच नयेत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तेव्हा माळ्यावर पडलेला त्यापूर्वीचा तेलरंगाचा डबा ह्या कामी काढू नये. वर्तमानपत्राचा कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि उन्हात रंग उडतात, हेही आधीच मनाशी धरावे. ही वस्तू कसर व जंग ह्यांच्या राज्यातीलच आहे.

अक्षरे लिहावयाची तर मुलाचे नाव पुरे आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या कित्येक मुलांना शाळेत मराठी भेटत नाही. आपले नाव मराठी वळणाने लिहिलेले त्यांनी पाहावे. आडनावात ‘ळ’ असेल तर हिंदी शाळेत त्याचा ‘ल’ होतो, तो घरच्या भिंतीवर तरी ‘ळ’ राहावा. मात्र तेही नाव म्हणूनच असावे, घोषणा म्हणून नव्हे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. निर्गमाच्या ३५व्या अध्यायात निवासमंडपासाठी लोकांनी काय काय आणले त्याची यादी आहे: निळे, जांभळे, किरमिजी सूत, बकऱ्याचे केस, मेंढ्यांची कातडी, लाकूड, रत्ने. स्त्रियांनी सूत स्वतः कातून आणले. पुढे ३८व्या अध्यायात गंगाळासाठी स्त्रियांनी आपले आरसे दिल्याचे लिहिले आहे. बसालेल व अहलियाब ह्यांनी कोणाची वस्तू क्षुल्लक म्हणून परत पाठविली नाही. वर्गात एक मोठा कॅनव्हास ठेवून प्रत्येक मुलाने घरून एक लहान वस्तू आणावी आणि स्वतःच्या हाताने लावावी. ज्याने बसचे तिकीट आणले आणि ज्याने जरीचा तुकडा आणला त्या दोघांना सारखीच जागा मिळावी. चित्र पूर्ण झाल्यावर ते मंडळीतील आजारी मुलाला किंवा त्या वर्षी गाव सोडून जाणाऱ्या मुलाला द्यावे. आपण केलेले आपल्याजवळ न राहता दुसऱ्याचे होते, हे त्या दिवशी मुले पाहतील, आणि आपल्या वस्तूवर हात ठेवून ‘जपून बरे का’ म्हणण्याचा मोह किती मोठा असतो तेही त्यांना उमगेल.

शेवटी एवढेच. आज पाच वर्षांचे असलेले मूल तेरा वर्षांचे होईल आणि एके दिवशी ते चित्र भिंतीवरून काढून तेथे दुसरे काहीतरी लावील. त्या दिवशी आपल्या तोंडून काय निघते, ह्यावरून भेट दिली होती की नुसती ठेवावयास दिली होती ते कळेल. वाईट वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते लपविण्याचीही गरज नाही. पण चित्र परत तेथेच लावण्याची आज्ञा करू नये. त्यापेक्षा मुलाला जवळ बोलावून आता त्याला काय आवडते ते विचारावे, आणि पुढच्या वाढदिवसासाठी नवे माप घ्यावे.